वर्गातल्या चाचणीसाठी डिजिटल साधन कसं निवडायचं?

फळाखडू (धागाकर्ती)

कहूट (सगळ्या वर्गाने एकाच वेळी, वेळ लावून खेळायची प्रश्नमंजुषा) चांगलं की गूगल फॉर्म, हा प्रश्न दर महिन्या-दोन महिन्यांनी कुठल्यातरी धाग्यात शेपटासारखा येतो आणि उत्तरादाखल वीस ॲपची यादी मिळते. यादीने काही साधत नाही, म्हणून हा वेगळा धागा.

माझ्या मते आधी एकच गोष्ट ठरवावी: उत्तरं हातात आल्यावर शिकवण्यात नेमकं काय बदलणार आहे, आणि कधी? साधन त्यानंतर. ढोबळ तीन प्रसंग धरू.

१. तास चालू असताना. एक प्रश्न, दोन-तीन मिनिटं. उत्तरं बघून पुढे जायचं की तोच मुद्दा पुन्हा घ्यायचा एवढाच निर्णय. इथे नावागणिक गुण नको असतात, कोणत्या पर्यायावर किती हात गेले ते हवं असतं, तेही लगेच.

२. तास संपताना. दोन-तीन प्रश्न. निर्णय उद्याच्या तासाचा: कोणाला कुठल्या गटात बसवायचं. इथे नावं लागतात, पण घाई नसते.

३. घटक चाचणी. गुणांची नोंद ठेवायची असते, पालक विचारणार असतात. इथे प्रश्नांची प्रत, उत्तरसूची, कॉपी, वीज, नेट सगळं आलं.

पहिल्या प्रसंगाचं साधन तिसऱ्याला वापरलं की बोंब होते. तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा हेच असतं. जाणकारांनी नेमकं लिहावं: सेटिंग्ज, आकडे, काय बिघडतं. "आमच्याकडे मुलांना फार आवडतं" हे प्रतिसाद कृपया नकोत.

तिसरा_बाक

उत्तम धागा. कहूटपासूनच सुरुवात करतो, कारण गैरसमज तिथेच जास्त.

कहूटचे गुण म्हणजे परीक्षेतले गुण नव्हेत. बरोबर उत्तराला कमाल १००० मिळतात आणि वेळेप्रमाणे ते कमी होतात. हिशोब असा: उत्तराला लागलेला वेळ भागिले दिलेला वेळ, त्याचं निम्मं, ते १ मधून वजा, गुणिले १०००. प्रश्नाला २० सेकंद दिली आणि मुलाने १० व्या सेकंदाला उत्तर दिलं तर ७५०. शेवटच्या क्षणी दिलं तर ५०० च्या आसपास. म्हणजे दहाच्या दहा उत्तरं बरोबर असलेल्या दोन मुलांत एकाचे गुण दुसऱ्याच्या जवळपास दुप्पट असू शकतात, आणि तो फरक गणिताचा नसून वाचनाच्या वेगाचा, किंवा चक्क फोन हळू असल्याचा असतो.

उपाय दोन. प्रश्नाला गुण नकोत असा पर्याय प्रत्येक प्रश्नाला लावता येतो, तो लावा. आणि नोंदीसाठी पडद्यावरची क्रमवारी न घेता अहवाल एक्सेलमध्ये उतरवून त्यातला फक्त 'बरोबर किती' हा रकाना घ्या.

प्रश्न १२० अक्षरांत बसवावा लागतो, पर्याय ७५ अक्षरांत. मराठीत ही मर्यादा वाटते त्याहून फार लहान आहे, कारण मात्रा, वेलांटी, जोडाक्षरातलं हलन्त चिन्ह हे सगळं वेगळं मोजलं जातं. 'प्रश्न' हा शब्द डोळ्यांना दोन अक्षरी दिसतो, मोजणीत सहा. शाब्दिक उदाहरण बसतच नाही, मग लोक उदाहरण कापतात आणि अर्थ बदलतो. असं उदाहरण चित्र म्हणून जोडा किंवा फळ्यावर लिहा.

क्विझिझचं (२०२५ मध्ये त्याचं नाव वेग्राउंड झालं) काम उलट चालतं. मूल आपल्या वेगाने पुढे जातं, प्रश्न त्याच्याच यंत्रावर दिसतो. त्यामुळे दुसऱ्या प्रसंगाला ते बरं. पहिल्याला नाही, कारण सगळे एकाच प्रश्नावर नसतात आणि मध्येच थांबवून "हे 'ब' का नाही?" असं विचारायची जागाच राहत नाही. गती शिक्षकाच्या हाती ठेवायचा पर्याय त्यातही आहे, तो आठवणीने निवडावा लागतो.

फुकट योजनेत एका वेळी किती मुलं बसतात ते मात्र तासाच्या आदल्या दिवशी बघा. ही मर्यादा कंपन्या न सांगता बदलतात.

शून्यलब्धी

मुलांकडे यंत्रं नसतील तर प्लिकर्स. शिक्षकाचा एक फोन आणि कागदी कार्डं, बास. नेहमीच्या संचात ४० कार्डं, मोठ्या वर्गासाठी ६३ चा संच. प्रत्येक कार्डावरची काळी आकृती वेगळी आणि चौकोनाच्या चार बाजूंना चार पर्याय. जे उत्तर द्यायचं ती बाजू वर धरायची, शिक्षक फोनच्या कॅमेऱ्याने सगळी कार्डं स्कॅन करतो. पर्यायाचं अक्षर मुद्दाम बारीक छापलेलं असतं, शेजाऱ्याला दिसत नाही, आणि प्रत्येक कार्डाची आकृती वेगळी असल्याने नुसत्या आकारावरून नक्कलही होत नाही.

काय बिघडतं:

बोटं काळ्या भागावर येतात. कार्ड कडेच्या पांढऱ्या पट्टीत धरायला पहिल्या दिवशी पाच मिनिटं देऊन शिकवा. छपाईत पांढरी कड कापली गेली असेल तर ती कार्डं बाद समजा.

चकचकीत लॅमिनेशन. दिव्याची तिरीप पडली की फोनला आकृती दिसत नाही. मॅट लॅमिनेशन करा किंवा जाड कागदावर छापून तसंच वापरा. पातळ कागद वाकतो, वाकलेलं कार्ड वाचलं जात नाही.

मुलांच्या मागे खिडकी असेल तर कार्डं काळवंडतात. कोपऱ्यात उभं राहून तिरकं स्कॅन करा.

कार्डांची अदलाबदल. कार्ड क्रमांक म्हणजेच हजेरी क्रमांक ठेवा आणि कार्ड वहीच्या शेवटच्या पानाला कायमचं चिकटवून टाका. वाटण्या-गोळा करण्यातली चार मिनिटंही वाचतात.

स्कॅन करताना पडद्यावर आलेख उघडा ठेवू नका. 'ब'चा खांब वाढताना दिसला की मागच्या बाकांवरची कार्डं गपचूप फिरतात. कोणाचं उत्तर पोचलं एवढंच दाखवा, आलेख शेवटी.

आलेख आल्यावर काय करायचं, यासाठी हार्वर्ड विद्यापीठातले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मझूर यांची पद्धत उपयोगी पडते. बरोबर उत्तरं साधारण ३० ते ७० टक्क्यांच्या मध्ये असतील तर उत्तर सांगायचं नाही. वेगळं उत्तर देणाऱ्या शेजाऱ्याला पटवून द्या म्हणायचं, दोन-तीन मिनिटं, आणि मग तोच प्रश्न पुन्हा. ३० च्या खाली असतील तर चर्चेतून काही निघत नाही, पुन्हा शिकवा. ७० च्या वर असतील तर थोडक्यात कारण सांगून पुढे.

निंबोणी

वाचतेय. प्लिकर्समध्ये चारच पर्याय आणि लिहायला काही नाही. भाषेच्या तासाला रिकाम्या जागा भरा, एका शब्दात उत्तर असले प्रश्न लागतात. गूगल फॉर्ममध्ये क्विझ करून उत्तरसूची घातली तरी बरोबर उत्तर चूक दाखवतं. मुलाचा शब्द आणि सूचीतला शब्द शेजारी ठेवले तर डोळ्यांना काडीचाही फरक दिसत नाही. हे काय गौडबंगाल?

जोडाक्षर

गौडबंगाल नाही, युनिकोड आहे, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरलेला संकेतांक द्यायची पद्धत. फॉर्म शब्द वाचत नाही, संकेतांक जुळवतो. मराठीत एकच दिसणारा शब्द दोन-तीन प्रकारे टाइप होतो:

'दुसऱ्या' मधला ऱ्य. काही कळफलक 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर, मग हलन्त, मग य असं घालतात. काही साधा र, हलन्त, एक अदृश्य जोडचिन्ह आणि य. छापील रूप तेच, आतून वेगळं.

'ॲसिड' मधला ॲ. एक संकेतांक असलेला ॲ, किंवा अ आणि वर चंद्र, किंवा अ, अदृश्य जोडचिन्ह आणि चंद्र. तीन रूपं झाली.

आकडे. सूचीत १२ देवनागरीत आणि मुलाने इंग्रजी आकड्यांत बारा लिहिलं की जुळत नाही.

हे झालं न दिसणारं. दिसणारं वेगळंच: शेवटचं विरामचिन्ह, 'शिरोबिंदू' आणि 'शीर्षबिंदू' अशी दोन्ही बरोबर नावं, ऱ्हस्व-दीर्घ.

काय करता येतं: उत्तरसूचीत एकाहून अधिक उत्तरं घालता येतात, तेव्हा सगळी रूपं घाला. ती स्वतः टाइप करून भागत नाही, कारण तुमचा कळफलक एकच रूप देतो. पहिल्या चाचणीनंतर मुलांनी लिहिलेली उत्तरं शीटमधून उचलून सूचीत चिकटवा, म्हणजे अदृश्य चिन्हंही जशीच्या तशी येतात. 'बाकी सर्व उत्तरं चूक समजा' ही खूण काढून टाका आणि उरलेली उत्तरं डोळ्यांनी तपासा. चाळीस मुलांची एक रिकामी जागा तपासायला दोन मिनिटं लागतात, कारण फॉर्ममध्ये प्रश्नवार बघताना सारखी उत्तरं एकत्र दिसतात.

अंकी उत्तराला आणखी एक सापळा आहे. काही जण उत्तराच्या चौकटीला 'संख्या, इतकीच असावी' अशी अट लावतात. चूक संख्या टाकली की फॉर्म पुढेच जाऊ देत नाही, म्हणजे मूल अंदाज करत करत बरोबर उत्तरावर पोचतं आणि सगळ्यांना पैकीच्या पैकी. अट लावायची तर 'ही संख्या असावी' एवढीच.

शुद्धलेखन तपासायचं असेल तर मात्र यंत्राच्या जुळणीवर अजिबात विसंबू नका. तिथे कागदच बरा.

निंबोणी

धन्यवाद! अदृश्य जोडचिन्हाला कोपरापासून नमस्कार.

तिसरा_बाक

फॉर्मचा विषय निघालाच आहे तर हेही घ्या.

प्रश्नांचा क्रम बदलता ठेवला की नावाची आणि हजेरी क्रमांकाची चौकटही मध्येच कुठेतरी जाऊन बसते. ती पहिल्या विभागात एकटी ठेवा, प्रश्न दुसऱ्या विभागात. अदलाबदल विभागाच्या आतच होते. उताऱ्यावरचे प्रश्नही याच कारणाने उताऱ्यासकट वेगळ्या विभागात.

पर्यायांचा क्रम बदलता ठेवला असेल तर 'वरीलपैकी सर्व' आणि 'अ व ब दोन्ही' हे पर्याय विसरा.

चाचणी दिल्यावर मुलाला काय दिसावं याच्या तीन खुणा असतात: चुकलेले प्रश्न, बरोबर उत्तरं, गुण. तिन्ही आधीपासून चालू असतात. पहिल्या तुकडीने पेपर दिला की उत्तरसूचीचा फोटो पाच मिनिटांत दुसऱ्या तुकडीकडे. चाचणीपुरत्या तिन्ही बंद करा आणि निकाल 'नंतर, तपासून' जाहीर होईल असं ठेवा. त्यासाठी फॉर्म ईमेल पत्ते गोळा करतो हे लक्षात असू द्या.

वहीतल्या उत्तराचा फोटो मागवायचा असेल तर फाइल जोडायच्या प्रश्नाला मुलाला गूगल खात्यात शिरावं लागतं, आणि एका फॉर्मची सुरुवातीची एकूण मर्यादा १ जीबी असते. ४० मुलं, प्रत्येकी ५ फोटो, फोटो ४ एमबी, म्हणजे ८०० एमबी एकाच चाचणीत. तोच फॉर्म पुढच्या तुकडीला दिला की तो मध्येच उत्तरं घेणं बंद करतो. मर्यादा सेटिंग्जमधून वाढवता येते, पण फाइल्स तुमच्याच ड्राइव्हची जागा खातात.

पडदा बंदिस्त करणारी सोय, म्हणजे दुसरी टॅब उघडू न देणारी, फक्त संस्थेने व्यवस्थापित केलेल्या क्रोमबुक लॅपटॉपवर चालते. फोनवर नाही. तेव्हा "फॉर्म लॉक करा" हा सल्ला बहुतेकांच्या कामाचा नाही.

शून्यलब्धी

साधनावर एवढी चर्चा झाली, प्रश्नावर कोणी बोलत नाही. प्रश्नच आंधळा असेल तर आलेख कितीही रंगीत असला तरी काय दिसणार?

दशांश अपूर्णांकांवरचा एक प्रश्न घ्या. सर्वांत मोठी संख्या कोणती: ०.३५, ०.४, ०.१२५, ०.०९? बरोबर ०.४. वर्गातल्या ७५ टक्के मुलांनी ०.४ निवडलं तर समजलं म्हणायचं? नाही. मुलांमध्ये एक ठाम गैरसमज असतो: दशांशचिन्हानंतर अंक कमी तर संख्या मोठी, कारण दशांश हे सहस्रांशापेक्षा मोठे. असं मूलही ०.४ च निवडतं. चुकीच्या कारणाने बरोबर उत्तर, आणि अहवालात हिरवी खूण.

आता हे बघा: ०.४, ०.६२, ०.३१५, ०.०९७८. बरोबर ०.६२. 'अंक कमी तर मोठी' वाला ०.४ वर जातो. दशांशचिन्हापुढचं पूर्ण संख्या म्हणून वाचणारा ४, ६२, ३१५, ९७८ असं वाचतो आणि ०.०९७८ निवडतो. चिन्हानंतर लगेच शून्य आलं तर संख्या लहान एवढं ज्याला कळलंय, पण बाकी पूर्ण संख्येसारखंच वाचतो, तो ०.३१५ वर. चार पर्याय म्हणजे चार वेगळ्या वाटा. आलेख आला की कोणत्या गटाला काय सांगायचं हे जागेवर कळतं. हे प्लिकर्सवर करा, कहूटवर करा, हात वर करून करा.

म्हणून साधन निवडताना मी एक गोष्ट हटकून बघतो: कोणत्या मुलाने कोणता चुकीचा पर्याय निवडला हे ते दाखवतं का? फक्त बरोबर-चूक आणि टक्केवारी दाखवणारं साधन आकारिक (शिकवता शिकवता होणाऱ्या) मूल्यमापनाला बाद.

फळाखडू

+१. याच धाग्यात असावा असाच प्रतिसाद. चूक-बरोबर प्रश्नांबद्दलही कोणी लिहा. सगळ्या ॲपमध्ये ते बनवायला सगळ्यांत सोपे, म्हणून सर्रास वापरले जातात.

तिसरा_बाक

दहा चूक-बरोबर प्रश्नांत डोळे मिटून उत्तरं दिली तरी सहा किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता सुमारे ३८ टक्के. चार पर्यायांच्या दहा प्रश्नांत तीच शक्यता सुमारे २ टक्के. उत्तीर्णतेची रेषा सहावर असेल तर निर्णय तुमचा.

मूडल ही ऑनलाइन शिकवण्याची प्रणाली वापरणाऱ्यांसाठी: त्यात उत्तराबरोबर 'किती खात्री आहे' हेही विचारता येतं. खात्रीच्या तीन पायऱ्या, बरोबर असेल तर १, २, ३ गुण, चूक असेल तर ०, वजा २, वजा ६. हिशोब केला तर खात्री दोन-तृतीयांशाहून कमी असेल तर पहिली पायरी, ८० टक्क्यांहून जास्त असेल तरच तिसरी, हेच मुलाच्या फायद्याचं ठरतं. अंदाजपंचे धागोदरसे करणाऱ्यांचं पितळ लगेच उघडं पडतं. पण नियम समजावून न सांगता वापरलं तर रडारड होते. आधी बिनगुणांच्या दोन चाचण्या घ्या.

चाचणी झाल्यावर प्रश्नांची तपासणी, ही शीटमध्ये दहा मिनिटांत होते. एकूण गुणांनुसार उतरत्या क्रमाने लावा. ४० मुलं असतील तर वरचे ११ आणि खालचे ११ घ्या (२७ टक्के). एका प्रश्नाला वरच्या गटात ९ बरोबर, खालच्या गटात ४. फरक ५, भागिले ११, भेदनमूल्य (प्रश्न या दोन गटांत किती फरक दाखवतो ते) ०.४५. उत्तम. ०.२ च्या खाली असेल तर प्रश्न पुन्हा वाचा. वजा आलं, म्हणजे हुशार मुलं चुकली आणि बाकीच्यांना जमलं, तर दहापैकी आठ वेळा उत्तरसूचीच चुकलेली असते. (हा आकडा अनुभवाचा, अभ्यासातला नव्हे.) एवढ्या लहान गटात एका मुलाने ०.०९ चा फरक पडतो हेही ध्यानात ठेवा. दुसऱ्या दशांश स्थळावरून वाद घालू नका.

कमी_सिग्नल

नेटचं कोणीच लिहिलं नाही, म्हणून लिहितो. सगळं खापर ॲपवर फुटतं, पण घोळ बहुतेक वेळा राउटरमध्ये असतो.

फोनच्या हॉटस्पॉटवर वर्ग चालत नाही. बहुतेक फोन दहाच्या आसपास यंत्रांनाच जोडू देतात.

"सकाळच्या तुकडीला चाललं, दुपारच्या तुकडीला जोडतच नाही" ही तक्रार नेहमीची. घरगुती राउटर जोडणाऱ्या यंत्रांना समजा १०० पत्ते वाटतो आणि दिलेला पत्ता २४ तास राखून ठेवतो. ४० च्या दोन तुकड्यांनी ८० पत्ते घेतले, तिसऱ्या तुकडीला उरले २०. पहिली मुलं घरी गेली तरी त्यांचे पत्ते अडकलेलेच. राउटरच्या डीएचसीपी (पत्ते वाटण्याच्या) सेटिंगमध्ये राखण्याची मुदत एक तासावर आणा, जमल्यास पत्त्यांची संख्या २०० करा. पैसा लागत नाही.

पाच फोनवर चाचणी घेऊन "चालतं" म्हणू नका. ४० यंत्रं एकाच मिनिटात दुवा उघडतात तेव्हा अडतं. रांगेप्रमाणे, वीस सेकंदांच्या फरकाने उघडायला लावा. प्रश्नातल्या चित्रांचा आकार कमी करा. फोनवर काढलेला ४ एमबीचा फोटो तसाच टाकला तर ४० मुलांमागे १६० एमबी, तेही एकाच वेळी. २०० केबीत तेच चित्र स्वच्छ दिसतं.

आणि घटक चाचणी नेटवर ठेवायचीच कशाला? झिपग्रेडसारखं ॲप घ्या. उत्तरपत्रिका कागदी, गोल काळे करायचे, फोनने स्कॅन. २०, ५० आणि १०० प्रश्नांचे नमुने तयार मिळतात. छापताना 'पानात बसवा' बंद ठेवून १०० टक्के आकारात छापा, आणि प्रतीची प्रत काढू नका, कोपऱ्यातले काळे चौकोन तिरके झाले की स्कॅन अडतं. सर्वांत जास्त चुका उत्तरांत होत नाहीत, क्रमांकाचे गोल भरण्यात होतात. उत्तरपत्रिका वाटण्यापूर्वी ते गोल शिक्षकानेच भरून ठेवावेत.

निंबोणी

या सगळ्यात तयार केलेले प्रश्न त्या त्या ॲपमध्येच अडकतात ना? उद्या ॲप बंद पडलं तर?

फळाखडू

पडतात बंद. एडमोडो (वर्गाचं ऑनलाइन व्यासपीठ) सप्टेंबर २०२२ मध्ये बंद झालं, जॅमबोर्ड (गूगलचा डिजिटल फळा) २०२४ च्या शेवटी. म्हणून मूळ प्रश्नपेढी ॲपबाहेर ठेवावी. एक साधी शीट: प्रश्न, चार पर्याय, बरोबर पर्याय, प्रत्येक चुकीच्या पर्यायामागचा गैरसमज, घटक, मागच्या वेळचं भेदनमूल्य. कहूट आणि क्विझिझ दोन्ही शीटमधून प्रश्न आत घेतात, त्यांचा नमुना उतरवून त्यात चिकटवायचं. नावांऐवजी हजेरी क्रमांक वापरा, म्हणजे मुलांची माहितीही कुठल्या कंपनीकडे पडून राहत नाही.

मूडलमध्ये साध्या मजकुराच्या फाइलमधून प्रश्न घेता येतात. त्यासाठीच्या गिफ्ट नावाच्या नमुन्यात बरोबर पर्यायाआधी = आणि चुकीच्या आधी ~ असतं.

निंबोणी

तेच करून पाहिलं. एका फाइलमध्ये सगळी मराठी प्रश्नचिन्हं होऊन आली, आणि दुसरीत गणिताचा एक प्रश्न अर्धवट तुटला.

जोडाक्षर

पहिलीचं कारण: फाइल साठवताना एन्कोडिंग (अक्षरं साठवायची पद्धत) दुसरं निवडलं गेलं. मूळ मजकूर अजून असेल तर तो पुन्हा 'यूटीएफ-८' मध्ये साठवून चढवा. प्रश्नचिन्हं झालेल्या फाइलमधून मराठी परत येत नाही.

दुसरीचं कारण: उदाहरणातलं बरोबरचं चिन्ह मूडलला पर्यायाची सुरुवात वाटलं. क + ५ = १२ मधल्या = च्या आधी उलटी तिरकी रेघ घाला, असं: क + ५ \= १२. महिरपी कंस, # आणि : यांनाही हेच. आधी दोन प्रश्नांची फाइल चढवून बघा, मग दोनशेची.